ठाण्यात काय बघाल?

वरसे हे गाव की शहर, या प्रश्नावर सरकारचंच एकमत नाही. कारभाराला ग्रामपंचायत आहे, म्हणून आम्ही गाव. जनगणनेच्या दप्तरात मात्र आमची नोंद शहरांच्या रकान्यात आहे. रोह्याला इतके खेटून आहोत की रोहा कुठे संपला आणि वरसे कुठे लागलं, हे घरपट्टीच्या पावतीवरच कळतं. अशा अर्ध्यामुर्ध्या शहरातल्या माणसाला अधूनमधून एखादं अख्खं शहर बघावंसं वाटतं. त्यासाठी आमच्याकडे ठरलेली वाटणी आहे. कोर्टाची तारीख किंवा मोठ्या डॉक्टरची वेळ मिळाली तर मुंबई. पोराच्या ॲडमिशनसाठी पुणं. आणि काही काम नसताना, नुसतं ‘जरा जाऊन येऊ’ म्हणून जायचं ते ठाणं.

ठाण्याची निवड होते ती सौंदर्यावरून नव्हे. आमच्या बहुतेक घरांचं कोणी ना कोणी ठाण्यात राहतं, त्यामुळे लॉजचा खर्च वाचतो आणि जेवणात मीठ कमी पडलं तर हक्काने सांगता येतं. ‘तिथे आपलं माणूस आहे’ हे वाक्य आमच्या भागात पर्यटनाची पूर्ण माहितीपुस्तिका मानलं जातं.

आमच्या घराचं ठाण्यातलं माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. आणि त्याच्याकडे जायला कायम तयार असलेलं माणूस म्हणजे आमचे काका, नाना. नानांनी सगळी नोकरी धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. निवृत्त झाले, पण स्टोअरकीपर आतून निवृत्त होत नाही. वहीतला साठा आणि रॅकवरचा साठा जुळला नाही तर त्यांना अन्न गोड लागत नाही. लग्नात गेले तरी आधी पंगतीतली पानं मोजतात, मग अक्षता टाकतात. अशा माणसापुढे दादा एकदा फोनवर सहज बोलून गेला, “या नाना, आमचं ठाणं म्हणजे तलावांचं शहर आहे.”

नानांनी लगेच विचारलं, “किती?”

दादाला वाटलं रेंज गेली.

रोह्याहून ठाण्याला कसं जावं याबद्दल आमच्याकडे दोन पंथ आहेत. एक पंथ पनवेलला उतरून ठाण्याची लोकल धरतो. दुसरा पंथ थेट दिव्यापर्यंत बसून राहतो आणि तिथे लोकलमध्ये शिरतो. पहिला पंथ शहाणा आहे, दुसरा जुना आहे. नाना अर्थातच जुन्या पंथाचे. निडी, नागोठणे, कासू, पेण, हमरापूर, जिते, आपटा अशी स्टेशनं ते माळेच्या मण्यांसारखी मोजत जातात. रस्त्याने जायचा विषयच नाही, कारण मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि ‘पूर्ण झालं’ या बातमीवर विश्वास ठेवण्याचं आमचं वय आता निघून गेलं आहे.

गाडीत आमचं सामान बघून कोणालाही वाटेल की ठाण्यात दुष्काळ पडला आहे. पेणचे पोहे, तांदळाचे पापड, कडवे वाल, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ आणि वर्तमानपत्रात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुका जवळा. एवढी आवरणं घालूनही जवळा आपली ओळख लपवत नाही. त्याचा एक फायदा आहे. दिव्याला लोकलमध्ये चढताना गर्दी आपोआप थोडी मागे सरकते.

दादा घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर राहतो. त्याच्या इमारतीच्या नावात ‘लेक’ आहे. नाना चप्पल काढून तडक गॅलरीत गेले. समोर दुसऱ्या इमारतीचा विसावा मजला होता आणि तिथल्या गॅलरीत एक गृहस्थ दात घासत होते. नानांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शेवटी खाली पाहिलं. खाली पाण्याचा टँकर उभा होता.

“तलाव कुठाय रे?”

“नाना, ते नुसतं नाव आहे,” दादा म्हणाला.

“आणि प्यायचं पाणी?”

“ते भातसा नदीचं. शहापूरकडून येतं. कमी पडलं की टँकर.”

तलावांच्या शहरात नदीचं पाणी, तेही दुसऱ्या तालुक्यातलं, आणि तरी टँकर. नानांनी खिशातून छोटी वही काढली. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती, पण ती वहीमुळे होती की जवळ्यामुळे, हे मी विचारलं नाही.

मग साठामोजणी सुरू झाली. दादा ठाण्यात इतकी वर्षं राहिला आहे की ‘आम्ही ठाणेकर’ असं तो नाकातून म्हणतो. त्याने ऐटीत सुरुवात केली, “मासुंदा.” नानांनी लिहिलं. “उपवन.” लिहिलं. “कचराळी.” लिहिलं. पुढे दादा छताकडे बघू लागला. वहिनींनी स्वयंपाकघरातून मदत पाठवली, “रायलादेवी! वागळे इस्टेटला.” चार झाले. दादाने ‘जेल तलाव’ असं काहीसं पुटपुटून पाहिलं आणि तो गप्प झाला. शेवटी पुतण्याने मोबाइल उघडला आणि वाचून दाखवलं, सिद्धेश्वर, ब्रह्माळा, हरियाली, मखमली, आंबे-घोसाळे. आपल्या घरापासून अर्ध्या तासावर मखमली नावाचा तलाव आहे, हे दादाला त्या दिवशी कळलं. घोसाळे हे नाव ऐकून नाना विशेष खूश झाले, कारण एक घोसाळे आमच्याही तालुक्यात आहे, वर गडासकट.

“एकूण किती?” नाना.

“पूर्वी साठच्या वर होते, नाना आजोबा. आता पस्तीसच्या आसपास.”

खोलीत शांतता पसरली. चाळीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसासमोर असं वाक्य उच्चारायचं नसतं. नानांनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे पंचवीस कमी. ते इश्यू कोणाला झाले? व्हाउचर कुठाय?”

व्हाउचर कुठे आहे ते सगळ्या ठाण्याला माहीत आहे, पण सही कोणाची आहे ते कोणी सांगत नाही. त्यातल्या काही तलावांच्या जागी आज तुम्ही गाडी लावू शकता, काहींच्या जागी पाचव्या मजल्यावर राहू शकता. दादाने विषय बदलला, “नाना, आपण उद्या मॉलला जाऊ या?”

ठाण्यात आलेल्या पाहुण्याला काय दाखवायचं, हा प्रश्न पडला की ठाणेकर मॉलचं नाव घेतो. त्याचा दोष नाही. तो स्वतः एवढंच बघतो. मोबाइलवर ‘ठाण्यात करण्यासारख्या गोष्टी’ अशी यादी मिळते, तिच्यात मॉल असतो, वॉटर पार्क असतो, येऊरचं जंगल असतं आणि मग पुन्हा दुसरा मॉल असतो. यादीत न लिहिलेल्या, पण प्रत्येक पाहुण्याला कराव्या लागणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. तीन हात नाक्यावर सिग्नल तीनदा हिरवा होऊन लाल झालेला बघणे. रिक्षावाल्याला ठिकाण सांगून त्याच्या चेहऱ्यावरचं वैराग्य बघणे. मेट्रोच्या खांबांखालून जाताना दादाकडून ‘हे झालं ना, की बघा’ हे ऐकणे. आम्ही हे सगळं चोख केलं आणि संध्याकाळी मासुंदा तलावावर पोहोचलो. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतो.

तलावपाळीला बघण्यासारखं खरोखरच पुष्कळ आहे. पूर्वेच्या काठावर कौपिनेश्वराचं देऊळ. ठाणं शिलाहारांचं श्रीस्थानक होतं, तेव्हापासूनचा हा देव. आजचं देऊळ मराठ्यांच्या काळातलं. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ते १७६० साली बांधलं. आतली शिवपिंडी एवढी मोठी की नानांनी नमस्काराआधी तिचा घेर नजरेने मोजला. तलावाच्याच काठावर गडकरी रंगायतन, १९७८ सालचं. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद ‘बाळकराम’ म्हणून. मराठीत विनोद लिहिताना दुसऱ्याचं नाव पुढे करण्याची सोय तेव्हापासून आहे. पाण्यात बोटी आहेत, पायाने वल्हवायच्या. पैसे देऊन पाय दुखवून घ्यायची ही पद्धत नानांना मंजूर नव्हती. “आमच्या कुंडलिका नदीत होडी असती तर होडीवाल्याने पैसे घेऊन स्वतः वल्हवली असती,” ते म्हणाले.

पण नानांचं लक्ष वेगळीकडेच होतं. तलावाभोवती कठडा आहे आणि संध्याकाळी त्या कठड्यावर मुंगीला जागा मिळू नये इतकी माणसं बसतात. कॉलेजातली पोरं, पेन्शनर, लेकुरवाळ्या, नुकतं लग्न ठरलेली जोडपी, ठरू न शकणारी जोडपी. आणि जवळजवळ सगळ्यांची पाठ पाण्याकडे. तोंडं रस्त्याकडे, भेळवाल्याकडे, रिक्षांकडे, एकमेकांकडे. मधोमध एवढा थोरला तलाव आणि त्याला कोणी बघत नाही. नाना एकटे पाण्याकडे तोंड करून बसले. पाच मिनिटांत शेजारच्या मावशींनी काळजीने विचारलं, “बरं वाटत नाही का हो तुम्हाला?”

पाण्याकडे बघत बसलेला म्हातारा ठाण्यात संशयास्पद असतो.

पुढचे काही दिवस आम्ही तलावांची प्रत्यक्ष तपासणी केली आणि जिथे जाऊ तिथे हीच तऱ्हा दिसली. कचराळी तलाव महापालिकेच्या मुख्यालयाजवळ. सकाळी तिथे शेकडो माणसं तलावाला प्रदक्षिणा घालतात. देवळाभोवती घालतात तशीच, फक्त देवाकडे कोणी बघत नाही. नजर मनगटावरच्या घड्याळात, पावलं किती झाली त्यावर. एकाला नानांनी थांबवून विचारलं, “तलावात पाणी किती असतं उन्हाळ्यात?” तो म्हणाला, “काका, माझी अजून दोन हजार राहिलीत,” आणि गेला. उपवन येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथे पाण्याकडे तोंड करून उभी असलेली माणसं दिसली म्हणून आम्ही हरखलो, तर ती फोटोत पाठमोरी यायला उभी होती. रायलादेवीला तलाव दाखवा म्हटल्यावर रिक्षावाला म्हणाला, “हे काय, आताच मागे गेला.”

येऊरला मात्र दादाचा अंदाज चुकला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. बिबट्यांचं घर. दादा गेटपाशी हात पसरून म्हणाला, “बघा नाना, काय झाडी!” नानांनी साग ओळखला, ऐन ओळखला, कुडा ओळखला आणि म्हणाले, “हे आमच्या परसात आहे. तेवढ्यासाठी दिव्याला धक्के कशाला खाल्ले?” वरसेच्या माणसाला झाड दाखवणं म्हणजे पेणच्या माणसाला गणपती दाखवणं. तो आधी रंग बघतो, मग भाव विचारतो.

नानांना ठाण्यात सगळ्यात आवडलेली दोन ठिकाणं कुठल्याही यादीत वरच्या नंबराला नाहीत. पहिलं म्हणजे तुरुंग. ठाण्याचं कारागृह मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाचा ठपका ठेवून इंग्रजांनी पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांना इथे कोंडलं होतं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले, देशी माणूस फितूर होईल म्हणून. मग एका साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणू लागला. गोऱ्यांना मराठीचा गंध नाही. त्यांना वाटलं, गडी गातोय. गाण्यात सगळा बेत होता. १८१६ सालच्या सप्टेंबरात त्रिंबकजी पसार. जगात कोणत्याही शहराकडे अशी गोष्ट असती तर तिथे तिकीट लावून रोज संध्याकाळी मोतद्दाराचा पोशाख घातलेला माणूस गात उभा केला असता. ठाण्यात भिंतीबाहेर बस थांबते. ही गोष्ट दादाला नानांनीच सांगितली. दादा रोज त्या भिंतीवरून ऑफिसला जातो.

दुसरं ठिकाण ठाणे स्टेशन. भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली आणि ठाण्याला आली. चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी, अंतर चौतीस किलोमीटर. त्या चारशे जणांचं ठाण्यात काहीही काम नव्हतं. नुसतं गाडीत बसायचं म्हणून ते आले. म्हणजे काही काम नसताना ठाण्याला यायची प्रथा आमची नसून थेट रेल्वेच्या जन्मापासूनची आहे. हे ध्यानात आल्यावर आमच्या फेऱ्यांना एकदम परंपरेचं बळ मिळालं. नानांनी मात्र पुलावर गर्दीच्या मधोमध उभं राहून दादाला ऐकवलं, “तुमच्याकडे पहिली गाडी संपली. आमच्या रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते. शून्य किलोमीटर आमच्याकडे आहे.” हे म्हणायला तीस सेकंद लागली आणि तेवढ्यात गर्दीने आम्हा तिघांना तीन वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर उतरवलं.

खाण्याच्या बाबतीत ठाण्याने आमचा पराभव केला, हे मान्य करायला हवं. मामलेदार कचेरीजवळची मिसळ खायला आम्ही रांगेत उभे राहिलो. तिथे तिखट, मध्यम आणि लाइट असे तीन दर्जे आहेत. आपण कोलाड-रोहा पट्ट्यातली माणसं, लाल तिखटावर वाढलेली, म्हणून नानांनी अंगात आल्यासारखं ‘तिखट’ म्हटलं. पुढची दहा मिनिटं ते काही मोजण्याच्या मनःस्थितीत नव्हते. गंमत म्हणजे ज्या रांगेत उभं राहायला ठाणेकर तक्रार करत नाही, तेवढाच वेळ तलावाकडे बघायला त्याच्याकडे नसतो.

असं का होत असेल, यावर नानांनी परतीच्या आदल्या रात्री निष्कर्ष काढला आणि तो मला पटला. आमच्याकडे वरसेला घराला पडवी असते. संध्याकाळी तिथे बसायचं. समोरून जाणाऱ्याला ‘काय, कुठे निघाला’ विचारायचं. त्याला जायचं असतं तिथे जाऊ द्यायचं नाही. ठाण्यात २०११ च्या जनगणनेला अठरा लाखांवर माणसं होती, नंतर किती वाढली ती लोकलच्या दारात कळतं. त्यातल्या कोणाच्या घराला पडवी नाही. मग अठरा लाखांनी मिळून एक पडवी ठेवली आहे, ती तलावपाळी. पडवीत बसलेला माणूस घराकडे बघत नाही, रस्त्याकडेच बघतो. दिवाळीच्या पहाटे सगळी तरुण मंडळी नवे कपडे घालून राम मारुती रोडला आणि तलावपाळीला लोटतात, ती काय पाणी बघायला? पाण्याने फक्त जागा धरून ठेवलेली आहे. तिथे पाणी नसतं तर इमारत असती, आणि इमारतीसमोर तासभर बसून राहिलं तर वॉचमन विचारतो.

“म्हणजे बघ,” नाना म्हणाले, “ज्या तलावाच्या काठी माणसं बसत होती तो राहिला. जिथे कोणी बसत नव्हतं तो बुजला. पाठ करून का होईना, बसले म्हणून वाचला.”

स्टोअरचा पहिला नियम हाच असतो. ज्या रॅकसमोर कोणीतरी खुर्ची टाकून बसलेलं असतं, तिथला माल हलत नाही.

आणि बुजवण्याचा पश्चात्ताप ठाण्याला वर्षातून एकदा होतोच. गणपतीत मूर्ती विसर्जनाने तलाव खराब होऊ नयेत म्हणून महापालिका कृत्रिम तलाव उभारते. या कामात ठाणं आघाडीवर राहिलं आहे आणि ते कौतुकाचंच आहे. पण हिशेब बघा. खरे तलाव बुजवायचे, मग खोटे खणायचे, मग तेही बुजवायचे. मूर्ती आमच्या पेणहून येणार, पाणी भातसेहून येणार. ठाण्याचं स्वतःचं म्हणून त्यात काय, तर वाद्यं आणि ट्रॅफिक.

थंडीत दादा, वहिनी आणि पुतण्या वरसेला आले. आता प्रश्न उलटा झाला. पुतण्याने ओटीवर बसूनच मोबाइल काढला, “इथे करण्यासारखं काय आहे?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझ्या तोंडून ‘मार्केट’ निघणार होतं. पुतण्यानेच यादी वाचली. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग. तिथे उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि वीज तयार करून झाली की कुंडलिकेत सुटतं. म्हणजे ते पाणी सकाळी ड्युटी करून येतं आणि मग पर्यटकांना खेळवतं. आम्ही त्या पुलावरून हजारदा गेलो असू, पण त्या राफ्टमध्ये वरसेचा माणूस बसलेला मी अजून पाहिलेला नाही. आम्ही पुलावर गाडी थांबवून ‘बुडतायत का’ एवढंच बघतो. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी आमची, तिला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, याचा आम्हाला अभिमान आहे. ते बघायला बाहेरगावाहून माणसं येतात आणि आमच्यातले निम्मे तेव्हा ती कुठल्या गल्लीत पोहोचली हे फोनवर विचारत असतात.

पोपटीने आमची अब्रू वाचवली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, बटाटे, वर पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. पुतण्याने त्याचं शूटिंग केलं आणि शेवटी विचारलं, “अवचितगडावर कधी गेला होतात, नाना आजोबा?”

नाना म्हणाले, “आहे तो. बारा कोनांचा तलाव आहे वर. द्वादशकोनी.”

“तुम्ही पाहिलाय?”

स्टोअरकीपरला हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस आमच्याच घरात जन्मावा, हे दैव. तलाव नानांच्या वहीत होता, पण रॅकवर जाऊन कोणी बघितला नव्हता. गड रोज घरातून दिसतो, म्हणून चढायचं राहूनच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दादा, वहिनी आणि पुतण्या मेढ्याच्या बाजूने गड चढले. नाना खाली चहाच्या टपरीवर बसले. दुपारी मंडळी घामाघूम होऊन उतरली तेव्हा नानांनी विचारलं नाही की दृश्य कसं होतं, वारा होता का, फोटो काढले का. त्यांनी एवढंच विचारलं, “कोन मोजले?”

“बारा,” पुतण्या म्हणाला. नानांनी वहीत बरोबरची खूण केली.

तर आता माझी एक सूचना आहे. आमचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आताचा रायगड, १८६९ साली ठाण्यापासून वेगळा झाला. त्या वाटणीत तलाव त्यांच्याकडे राहिले, गड आमच्याकडे आले, आणि आपल्या वाट्याला काय आलं हे तेव्हापासून दोन्हीकडच्यांनी नीट बघितलेलं नाही. तेव्हा ठाणे महापालिकेने आणि वरसे ग्रामपंचायतीने एक साधा करार करावा. दर वर्षी मे महिन्यात आमची माणसं ठाण्याला जातील आणि तलाव मोजतील. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची माणसं इकडे येतील आणि गड, टाकी, लेणी, देवळं मोजतील. राहणं-जेवण नातेवाइकांकडे, म्हणजे सरकारी तिजोरीवर बोजा शून्य. घरच्या माणसाला घरातली गेलेली वस्तू कळायला वर्षं लागतात. पाहुण्याला चहा येईपर्यंत कळते, कारण त्याला तेवढा वेळ इकडेतिकडे बघण्याशिवाय काम नसतं.

वर्षाच्या शेवटी दोन्ही याद्या जुळवून बघायच्या. ठाण्याच्या यादीत पस्तीसचे चौतीस झाले, तर घोडबंदर रोडच्या एखाद्या नव्या इमारतीच्या नावात ‘लेक’ शोधायचं. व्हाउचर तिथेच मिळेल.